अर्ध्या विमानाचा पुरा खर्च

रेडिओ कंट्रोलचं मोठं मॉडेल विमान बांधायला घेणारे पुष्कळ, उडवणारे थोडे. मध्येच बदली येते, घरात पाळणा हलतो, वाड्याची वाटणी होते आणि बाल्सा लाकडाचा सांगाडा माडीवरच्या तुळईला टांगलेला राहतो. मग कधीतरी घर रिकामं करताना मालक म्हणतो, "सगळं तयार आहे हो, कव्हर चढवा आणि इंजिन बसवा." सांगाड्याचे तो पाच ते बारा हजार मागतो. उरलेल्या कामाला लागतात पन्नास ते नव्वद हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. नागपूरच्या महालात किंवा आसपास कुणी असा सांगाडा घ्यायच्या विचारात असेल, किंवा घरचाच धूळ झटकून पुरा करायचा असेल, तर पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, याचा हा हिशेब.

भाव ठोकळ आहेत. एकाच वस्तूत दोन दुकानांमध्ये वीस-तीस टक्क्यांचा फरक सहज दिसतो, तेव्हा आकड्यापेक्षा प्रमाण लक्षात ठेवा.

उदाहरणाला पाव मापाची पायपर कब धरू. मूळ विमान 1930च्या दशकातलं, अमेरिकन, पिवळ्या रंगाचं, दोन माणसांचं. पंखांचा विस्तार 10.7 मीटर, लांबी 6.8 मीटर. पाव मापात पंख येतात 2.68 मीटर आणि धड 1.7 मीटर. रेषा सरळ, पंख धडाच्या वर, वागणूक शांत. म्हणून मोठ्या मापाकडे वळणारे पुष्कळ जण कबपासूनच सुरुवात करतात. ही कब सगळं लावून 7 किलोत बसली तर गुणी निघते. 9 किलोवर गेली तर तेच विमान उतरताना अंगावर येतं.

हा फरक वाऱ्यावरच्या गप्पांचा नाही. विमान हवेत टिकायला लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पाव मापाच्या कबचं पंखक्षेत्र साधारण एक चौरस मीटर. त्यावर 7 किलो असतील तर उन्हाळी हवेत किमान वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास येतो. 9 किलो असतील तर 40. पाच किलोमीटरने काय होतं, असं वाटेल. पण जमिनीवर आदळतानाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि वर वस्तुमानही जास्त, म्हणजे धक्का दीडपटीहून मोठा. चाकांचा साचा उखडतो तो तिथेच. त्यात नागपूरचा मे महिना. 45 अंशांवरची हवा हिवाळ्यातल्या 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. तेच विमान मे महिन्यात सुमारे पाच टक्के जास्त वेगाने उतरतं आणि इंजिनही मरगळतं.

घेण्याआधी

सांगाडा बघायला जाताना तीन वस्तू न्या: टॉर्च, मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. तीनशे ते पाचशे रुपयांचा, 5 किलोपर्यंतचा काटा पुरतो. या सगळ्या छंदात यापेक्षा कमी पैशांत जास्त काम करणारं हत्यार नाही.

पंख स्वयंपाकघराच्या कडप्प्याच्या ओट्यावर खालची बाजू टेकवून ठेवा. मुळाशी दाबून धरला की टोकाकडचा मागचा काठ उचलतो का, ते पाहा. थोडा पीळ कव्हर चढवताना इस्त्रीने काढता येतो. बोटभर पीळ असेल तर पंख उघडून पुन्हा जोडावा लागेल, आणि तसा सांगाडा फुकट मिळाला तरी महागच. टॉर्चने आतले सांधे पाहा. वाड्यातल्या जुन्या लाकडाला वाळवी असेल तर ती बाल्सातही शिरते. सांध्यांवर अरल्डाइटचे पिवळे ओघळ दिसले की समजा, बांधणाऱ्याला चिकटवण्याची हौस दांडगी होती आणि वजन तिथेच चढलंय. मूळ नकाशा मागून घ्या. नकाशा नसेल तर किमतीत दोन-तीन हजार कमी करायला सांगायला लाजू नका. समतोलाची खूण, पंखाचा कोन, इंजिनाचा कल, सगळं त्या कागदावर असतं.

आणि जिना मोजा. महालातल्या वाड्यांचे जिने अरुंद, वर वळणाचे. पावणेदोन मीटरचं धड माडीवरून खाली येतं, पण पंख एकसंध जोडलेला असेल तर येत नाही. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर खरं, माणसं बसतील असं विमान बांधलं, तेव्हा ते गच्चीवरून उतरवणं हेच एक मोठं काम होऊन बसलं होतं. आपल्याला क्रेन परवडत नाही. पंख दोन तुकड्यांत, मध्ये नळी घालून जोडायचा असेल तरच सांगाडा घ्या.

सात किलोंची वाटणी

घरी आणल्यावर आधी काही चिकटवू नका. प्रत्येक भाग वेगळा तोला आणि वहीत लिहा. 7 किलोंची वाटणी ढोबळ अशी पडते: लाकडाचा सगळा सांगाडा 3.2 किलो, कव्हर पाव किलोच्या आसपास, चाकं आणि त्यांचा साचा 700 ग्रॅम, इंजिन-टाकी किंवा मोटर-बॅटरी मिळून 1.8 किलो, सर्व्हो, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या मोटरी, 300 ग्रॅम, रिसीव्हर-बॅटरी-वायरी 300 ग्रॅम, बिजागऱ्या, दांड्या, स्क्रू वगैरे पाव किलो. उरलेल्या दोनशेक ग्रॅमवर वैमानिकाचा पुतळा बसवता येतो. सांगाडाच 4 किलो भरला तर पुढे कितीही कंजुषी केली तरी भागत नाही.

मग हलकं कुठून करायचं? इथे बहुतेकांचा हात पहिल्यांदा पंखाच्या फासळ्यांकडे जातो, कारण भोकं पाडलेल्या फासळ्या दिसतात झकास. हिशेब करा. 2.4 मिलिमीटरच्या बाल्साची 40 सेंटीमीटर लांब फासळी भरते चारेक ग्रॅम. तिच्यातलं पाचवा हिस्सा लाकूड काढलं तर वाचलं एक ग्रॅमसुद्धा नाही. पंचवीस फासळ्यांत सगळे मिळून फार तर 20 ग्रॅम. दोन संध्याकाळी गेल्या, दोन फासळ्या तडकल्या. हे सोडून द्या.

हात घालायचा तो शेपटीला. कबचं नाक आखूड, शेपटी लांब. समतोलाच्या बिंदूपासून शेपटी जितकी दूर, त्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर इंजिन. म्हणजे शेपटीत 100 ग्रॅम जास्त असले की ते तोलायला नाकात 300 ग्रॅम शिसं ओतावं लागतं. उलटही खरं: शेपटीतले 100 ग्रॅम काढले तर विमान 400 ग्रॅमने हलकं होतं.

अर्धवट सांगाड्यांत शेपटी हमखास जड सापडते. बांधणाऱ्याने सोपं म्हणून 6 मिलिमीटरच्या अखंड फळीतून आडवी आणि उभी शेपटी कापलेली असते, तीही हाताला आली त्या फळीतून. बाल्सा एका जातीचा असला तरी एका वजनाचा नसतो. 3 मिलिमीटर जाडीची, 10 सेंटीमीटर रुंद आणि एक मीटर लांब फळी 30 ग्रॅमची असू शकते आणि 60 ग्रॅमचीही. दुकानात दोन्हींचा भाव एकच. इतवारीच्या हार्डवेअरमध्ये बाल्सा मिळत नाही, कुरिअरने मागवावा लागतो, तेव्हा दुकानदाराला फोन करून प्रत्येक फळीचं वजन विचारा. सांगणारे सांगतात. फळीमागे दीडशे ते तीनशे रुपये. अखंड शेपटी बाजूला ठेवून हलक्या बाल्साच्या काड्यांची जाळीदार शेपटी नव्याने करायला तीन-चार फळ्या, गोंद आणि तीन-चार संध्याकाळी लागतात. सातशे ते हजार रुपयांत शेपटीतले शंभर आणि नाकातले तीनशे ग्रॅम गेले, म्हणजे ग्रॅमला दोन-अडीच रुपये.

हा ‘ग्रॅमला किती रुपये’ हिशेब प्रत्येक खरेदीला लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडनळीऐवजी कार्बनची घातली तर दीड-दोन हजारांत 80 ग्रॅम वाचतात. ग्रॅमला वीस-पंचवीस रुपये. ते परवडतं, पण शेपटी झाल्यावर. कार्बनचा चाकांचा साचा तीन-पाच हजारांचा, वाचतात दीडशे ग्रॅम, तेही समतोलाच्या जवळ, म्हणजे शिसं फारसं कमी होत नाही. तो मोह मी तरी धरणार नाही. उलट अरल्डाइटचे ओघळ धारदार पात्याने तासणं, धडावरची जाड फळी 120 आणि मग 240 नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं, याला खर्च पेपरच्या चार तावांचा. घासताना हात फिरवून नाही, काट्यावर ठेवून बघा. एका बाजूची फळी 92 ग्रॅमवरून 71 वर आलेली दिसली की हुरूप येतो आणि कुठे थांबायचं तेही कळतं. आपल्या गल्लीतल्या सुताराला फळी हातात देऊन पाहा. सागवान हाताळणारा माणूस म्हणतो, "भाऊ, हे लाकूड आहे का? फुंक मारली तं उडून जाईन!"

लकडगंजातला 3 मिलिमीटरचा प्लाय स्वस्त म्हणून वापरायचा विचार असेल तर आधी तुकडा तोलून बघा. तो जड असतो आणि थरांमध्ये पोकळ्या निघतात. इंजिनाच्या भिंतीला चांगला बर्च प्लायच घ्या. ती भिंत, चाकांची बैठक, पंखाचे तिरपे टेकू आणि त्यांची कुलपं, पंखाचा मुख्य दांडा, शेपटीच्या ताणतारा: इथे एक ग्रॅमही वाचवायचा नाही. पाव मापाच्या कबमध्ये ते टेकू शोभेचे नसतात, पंखाचा भार त्यांच्यावर असतो.

कव्हर

सगळ्या विमानाचा पृष्ठभाग चारेक चौरस मीटर धरा. इस्त्रीने चिकटणारी फिल्म चौरस मीटरला 60 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण 240 ग्रॅम. कापड, त्यावर डोप (कापड ताणणारं लॅकर), त्यावर रंग असा जुना थाट केला तर चौरस मीटरला दीडशे ग्रॅम सहज होतात, एकूण 600. कापडाचं विमान खऱ्यासारखं दिसतं हे मान्य. त्या दिसण्याची किंमत साडेतीनशे ग्रॅम.

नावाजलेल्या जर्मन फिल्मचा दोन मीटरचा गुंडाळा बाराशे ते दोन हजारांना पडतो, चार-पाच लागतात: सहा ते आठ हजार. साधी फिल्म मीटरला तीन-चारशे, म्हणजे तीन-साडेतीन हजारांत काम होतं, पण उन्हात ती लवकर सैल पडते. नागपूरच्या उन्हात सगळीच थोडीफार पडते, म्हणून गडद रंग टाळा. कबचा पिवळा इथे कामी येतो.

तिसरा मार्ग गांधीबागेच्या कापडबाजारातून जातो. पॉलिएस्टरचं पातळ अस्तराचं कापड, मीटरला पन्नास ते शंभर रुपये. घेताना दुकानातच काट्यावर टाका. चौरस मीटरला 60 ग्रॅमच्या आत असेल तेच घ्या. शुद्ध पॉलिएस्टर इस्त्रीने आखडतं, सुती मिश्रण आखडत नाही. कोपरा इस्त्रीखाली धरून खात्री करा. सांगाड्याला चिकटवून, आखडवून, वर पातळ लॅकरचे दोन हात. कापड आणि लॅकर मिळून हजार-दीड हजार. मेहनत दुप्पट, वजन फिल्म आणि रंगकाम यांच्या मध्ये कुठेतरी. हात बसलेला असेल तर हा पर्याय मला सगळ्यांत आवडतो.

रंग द्यायचाच असेल तर मूर्तिकारांच्या चितार ओळीत स्प्रे मारणारे हात आहेत, पण त्यांना सांगून ठेवा की मूर्तीसारखा भरून रंग नको, एकच पातळ हात हवा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत डोप आणि लॅकर पांढरं फटक पडतं. उन्हाळ्यातही कूलरच्या खोलीत नको. खसाच्या ताट्यांतून येणारी हवा आपल्याला बरी वाटते, बाल्सा मात्र ओल पिऊन वाकतो आणि काट्यावर जड दिसतो.

इंजिन की बॅटरी

सगळ्यांत मोठा खर्च इथे. 30 सीसीचं पेट्रोल इंजिन तीस ते चाळीस हजारांना, त्यावर 18 इंची पंखा, टाकी, स्पार्कची बॅटरी मिळून तीन-चार हजार. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळून चालतं. चालवण्याचा खर्च किरकोळ. भरलेल्या टाकीसह वजन 1.6 ते 1.8 किलो.

विजेवर जायचं तर मोटर चार ते सात हजार, तिचा कंट्रोलर चार ते आठ हजार, सहा सेलच्या 5,000 मिलिअ‍ॅम्पिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या चौदा ते अठरा हजार, चार्जर चार ते सहा हजार: एकूण सव्वीस ते एकोणचाळीस. एक बॅटरी 700 ग्रॅमची. तिच्यावर संथ उडवलं तर बारा-तेरा मिनिटं मिळतात. मोटर-कंट्रोलर-बॅटरी मिळून सव्वा किलोत बसतं, म्हणजे पेट्रोलपेक्षा अर्धा किलो कमी. पण थांबा. शेपटी जड असेल तर हा अर्धा किलो नाकात शिसं होऊन परत येतो. म्हणूनच शेपटी आधी, मोटर नंतर. शेपटी हलकी करून, कव्हर चढवून, सर्व्हो बसवून विमान समतोलाच्या खुणेवर तोला, नाकात किती हवं ते पाहा आणि मग ठरवा. घाईने इंजिन आधी घेणारे हा फायदा घालवतात.

महालात घराला घर लागून आहे, तेव्हा इंजिनाची चाचणी अंगणात करता येत नाही; आवाजाने सगळी गल्ली जमेल. मोटरची करता येते, पण पंखा काढून. बॅटऱ्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलला 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी लवकर फुगते, आणि फुगली की सात-नऊ हजार कचऱ्यात.

सर्व्हो पाच लागतात, विजेवर चार. तीनशे-चारशेचे धातूच्या गिअरचे सर्व्हो मिळतात. थ्रॉटलला चालतील, एलिव्हेटरला (आडव्या शेपटीच्या हलत्या भागाला) नको. तिथे हजार-दीड हजारांचा, मध्यावर ठाम परतणारा घ्या. एकूण पाच ते साडेसात हजार. रिमोट आणि रिसीव्हर पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत. स्वस्तातला घेतला तर जमिनीवर अंतराची चाचणी केल्याशिवाय 7 किलो हवेत नेऊ नका. चाकं दोन-तीन हजार. बिजागऱ्या, हॉर्न, दांड्या अडीच-साडेतीन हजार. लाकूड, गोंद, पॉलिश पेपर तीन-चार हजार, रिसीव्हरची बॅटरी नि वायरी दीड-दोन.

सांगाडा धरून बेरीज कमीत कमी पंचावन्न हजारांच्या आसपास, हात सैल सोडला तर एक लाख. रिमोट, चार्जर, बॅटरी आधीच घरात असतील तर चाळीसमध्येही होईल. कुणाकडून विमान पुरं करून घ्यायचं असेल तर मजुरीचा सौदा दिवसावर करू नका. तयार वजनावर करा. 7.2 किलोच्या आत दिलं तर ठरलेले पैसे, वर गेलं तर कमी. हे ऐकून जो काम नाकारतो त्याने तुमचे पैसे वाचवले.

कायदा आणि मैदान

25 ऑगस्ट 2021 ला आलेल्या ड्रोन नियमांत ही विमानंही येतात. 25 किलोपर्यंतचं, शिक्षण वा करमणुकीसाठी, डोळ्यांसमोर उडवायचं विमान ‘मॉडेल’ वर्गात धरलं जातं आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. पण रिमोट पायलट प्रमाणपत्राची सूट 2 किलोपर्यंतच्या बिगर-व्यावसायिक उड्डाणालाच आहे. 7 किलोची कब कितीही तासली तरी 2 किलोत येणार नाही. तेव्हा रिमोट पायलट प्रमाणपत्र, विमानाची नोंदणी आणि त्रयस्थ पक्षाचा विमा ही तीन कामं खर्चात धरा. नोंदणीची फी शंभर रुपये, प्रशिक्षणाचे मात्र दहा-दहा हजारांच्या पटीत जातात. अनेक जण नेमका हाच आकडा विसरतात. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर हवाई हद्दीचा नकाशा आहे. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत मुभा, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. सोनेगावचा विमानतळ शहरालाच चिकटलेला, वायुसेनेचं ठाणंही इथलंच, तेव्हा ओळखीच्या शेताचा ठावठिकाणा आधी नकाशावर टाकून बघा. 2022 च्या फेब्रुवारीत तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग येऊ शकतात, पण परदेशातल्या नातेवाइकाकडून तयार विमान मागवलं तर ते कस्टममध्ये अडकू शकतं.

उडवायला लागतं ते कापणी झालेलं, विजेच्या तारा नसलेलं शेत. मालकाला विचारून, जमल्यास त्यालाही दोन मिनिटं रिमोटजवळ उभं करून. दोन तुकड्यांचा पंख आणि धड पुढची सीट झोपवलेल्या छोट्या गाडीत मावतात. नाहीतर छोटा हत्ती टेम्पो हजार-दीड हजारांत जाऊन-येऊन मिळतो, खाली जुनी गादी घाला.

काम दिवाळीनंतर सुरू केलं तर कव्हर कोरड्या थंडीत चढतं आणि पहिलं उड्डाण फेब्रुवारीत, सकाळी आठच्या आत, घट्ट हवेत करता येतं. विमान त्याआधी तयार झालं तरी जानेवारीचा पहिला पंधरवडा मात्र सोडा. जुन्या शुक्रवारीच्या दुकानांतून पतंग निघालेले असतात, आणि बंदी असलेला नायलॉन मांजा शहराबाहेरच्या शेतांपर्यंत वाहून येतो. तो पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला तर मोटर जळते. संक्रांतीनंतरही पहिल्या उड्डाणाआधी पट्टीभर रान पायी फिरून मांजा गोळा करा, आणि तो पिशवीत घालून घरी आणा. शेतात गुरं चरतात.